किडूकमिडूक म्हणजे नेमकं काय, हा शब्द कुठे वापरायचा कुठे नाही, आणि डबीतल्या डागांची (म्हणजे दागिन्यांची) यादी कशी करायची

मागच्या महिन्यात भाचीचा फोन आला, मावशी, किडूकमिडूक म्हणजे काय गं, आजी सारखी म्हणते माझं किडूकमिडूक तुलाच देईन, म्हणजे नेमकं काय देणार आहे ती? पोरगी पुण्यात वाढलेली, तिला वाटलं जुनी भांडी किंवा तसलं काही असेल. मी म्हटलं अगं वेडे, आजी तिचं सोनं देतेय तुला. फोनवर ती गप्पच झाली. मग वाटलं की तिच्या वयाच्या बऱ्याच पोरापोरींना हे माहीत नसणार, आणि ज्यांना शब्द माहीत आहे त्यांच्या घरातही त्या डबीत काय आहे हे कोणालाच धड माहीत नसतं, म्हणून दोन्ही गोष्टी एकत्रच लिहितेय. आधी शब्द, मग डबी.

किडूकमिडूक म्हणजे लहानसहान दागिने. बाईने आयुष्यभर थोडं थोडं करून जमवलेले, वजनाला हलके, एकेकटे बघितले तर फार किमतीचे नाहीत, पण सगळे मिळून अडीअडचणीला उभे राहणारे सोन्याचांदीचे डाग. शब्दात दोन गोष्टी एकदम येतात, एक म्हणजे छोटेपणा आणि दुसरी म्हणजे फुटकळपणा, म्हणजे तो सेट नाही, जोड पूर्ण असेलच असं नाही, एखादी रिंग एकटीच असते, एखाद्या पोतीतले चार मणी सुटे असतात. लोक आता लहानसहान सामानालाही किडूकमिडूक म्हणतात, प्रवासात पिशवी भरताना वगैरे, आणि तेही चालतं, पण आमच्या जळगाव-धुळ्याकडे जुन्या बायका हा शब्द काढतात तेव्हा शंभरातल्या नव्वद वेळा तरी दागिन्यांबद्दलच बोलत असतात.

आमच्या मोठ्या मायला, म्हणजे माझ्या वडिलांच्या आईला, कोणी विचारलं की तुझ्याकडे सोनं किती, तर तिचं उत्तर ठरलेलं असायचं, "मनापान काय शे बेटा, हाई किडूकमिडूक शे" (माझ्याकडे काय आहे बेटा, हे किडूकमिडूक आहे). आणि त्या किडूकमिडूकमधून तिने एका मुलाची विहीर आणि एका लेकीचं लग्न काढलं.

काय काय येतं यात? नाकातली फुली, चमकी, मोरणी. कानातल्या रिंगा, टॉप्स, डूल, कुड्या, बुगडी, कानाचे वेल. गळ्यातलं म्हणाल तर एखादा बदाम, छोटं पान, ताईत, पोत नव्याने गाठवताना उरलेले सोन्याचे मणी. बोटातली बारीक अंगठी, छल्ला. चांदीत जोडवी, विरोद्या, मासोळ्या, तोरड्या, आणि बाळाचं सगळं, वाळे, मनगट्या, चांदीचा करदोडा. बाळाचे वाळे तर जवळपास प्रत्येक डबीत सापडतात, ज्याचे होते तो माणूस आता चाळिशीचा असतो आणि वाळे अजून आईने ठेवलेले असतात.

काय येत नाही हेही सांगते, कारण चूक इथेच होते. पाटल्या, तोडे, गोठ, मोठा हार ही किडूकमिडूक नाही, तीन तोळ्यांच्या पाटल्यांना किडूकमिडूक म्हणणारी बाई एक तर फार नम्र असते किंवा समोरच्याला वजन कळू द्यायचं नसतं. मंगळसूत्र, म्हणजे आमच्याकडची पोत, कितीही हलकी असो, अगदी दोन वाट्या आणि काळे मणी एवढीच असो, ती यात मोजायची नाही. ते सौभाग्याचं लेणं आहे, त्याच्याबद्दल तर तुटलं असंही म्हणत नाहीत, वाढलं म्हणतात, तिथे किडूकमिडूक कुठून चालणार. देव्हाऱ्यातले चांदीचे टाक पण नाही, ते देवाचे.

आता व्याकरण, थोडक्यात. शब्द नपुंसकलिंगी आणि एकवचनीच, सगळे डाग मिळून एक ढीग असं धरलेलं आहे. म्हणून "माझं किडूकमिडूक आहे" म्हणायचं, "आहेत" नाही, आणि "दोन किडूकमिडूक" असं मोजताही येत नाही. मोजायचं झालं की डाग म्हणा किंवा नग म्हणा. आधी लागणारे शब्दही ठरलेले असतात, थोडंसं, होतं नव्हतं ते, उरलंसुरलं, आईकडचं. लिहिताना किडूकमिडूक असं दोन्ही डू दीर्घ आणि शब्द जोडून, पण पुढे प्रत्यय लागला की डु ऱ्हस्व होतो, किडुकमिडुकाचं, किडुकमिडुकातून, जसं फूल आणि फुलाचं. मिडूक हा शब्द एकटा कोणी वापरत नाही, तो नुसता किडूकच्या जोडीला आलाय, लहानसहान, उरलंसुरलं, भांडीकुंडी या जातीचा. व्याकरणात याला अंशाभ्यस्त शब्द म्हणतात, आठवीनववीच्या मुलांना परीक्षेत उदाहरण म्हणून बिनधास्त लिहिता येईल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हा शब्द कोणी कोणाबद्दल वापरायचा. नियम एकच आहे आणि तो कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही, पण पाळतात सगळ्या: किडूकमिडूक आपलंच असतं, दुसरीचे दागिने असतात. "माझं किडूकमिडूक कपाटात आहे" ही नम्रता झाली. "तुमचं किडूकमिडूक कुठे ठेवलंय?" असं सुनेने सासूला विचारलं तर तो अपमान झाला, भले तिच्या मनात तसं काही नसो. सासूला विचारायचं असेल तर "आई, तुमचे डाग कुठे ठेवलेत?" असं विचारा. मुलगी आईबद्दल बोलताना म्हणू शकते, "आईने तिचं किडूकमिडूक मोडून मला शिकवलं", कारण तिथे शब्द छोटा आणि त्याग मोठा हे ऐकणाऱ्याला कळतं, किंबहुना त्या वाक्यात दुसरा कुठलाही शब्द घातला तरी जमत नाही. "आईने दागिने विकले" म्हटलं तर वाटतं घरात दागिने बरेच असतील. "किडूकमिडूक मोडलं" म्हटलं की समजतं, जे होतं ते सगळंच गेलं.

आणि मोडलं, विकलं नाही, हेही लक्षात ठेवा. घर विकतात, बैल विकतात, सोनं मोडतात. मोडणे, गहाण टाकणे, सोडवून आणणे, घडवणे, अंगावर घालणे, उतरवून ठेवणे, ही किडुकमिडुकाबरोबर येणारी क्रियापदं. गहाण आणि सोडवणे ही जोडी तर कापूस पिकवणाऱ्या घरात दरवर्षीची. मृगाच्या आधी बियाणं-खताला पैसे लागतात तेव्हा डाग गहाण जातो आणि दिवाळीच्या आसपास कापूस वेचून विकला की सोडवून येतो, ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी येत नाही.

जवळचे शब्दही एकदा बघून घ्या. डाग म्हणजे एक दागिना, कपड्यावरचा डाग वेगळा, आणि "अंगावर एकही डाग राहिला नाही" हे वाक्य खानदेशात वाईट बातमीचं असतं. दागदागिने म्हणजे सगळे, लहानमोठे. फुटका मणी म्हणजे काहीच नाही, "गळ्यात फुटका मणी नाही" हे दारिद्र्याचं वर्णन. गुंजभर सोनं म्हणजे अगदी कणभर. किडूकमिडूक या सगळ्यांच्या मधे कुठेतरी, थोडं आहे पण आहे. अलंकार हा शब्द देवीसाठी आणि पत्रिकेसाठी ठेवा, बोलण्यात कोणी वापरत नाही.

इतका मायेचा शब्द आहे, पण त्याच्यापायी आमच्या घरात फार वाईट झालं, तेही सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळेच लिहितेय. मोठी माय गेल्यावर वाटणीचा कागद झाला. शेत, घर, बैलजोडी, भांडी सगळं नीट लिहिलं, गट नंबरासकट, आणि शेवटी एक ओळ, "आईचे किडूकमिडूक धाकट्या मुलीकडे राहील." बस. नग किती, वजन किती, काहीच नाही. दोन-तीन वर्षांनी मोठ्या आत्याने विचारलं, त्यात मायच्या बुगड्यांची जोडी होती ना, ती मला देणार होती. धाकटी म्हणे त्यात बुगडी एकच होती. कोण खरं बोलत होतं हे आजही कोणाला माहीत नाही, कदाचित दोघी खरं बोलत असतील, मायनेच एक आधी मोडली असेल. दोघी बहिणी त्यानंतर एकमेकींच्या घरी गेल्या नाहीत, लेकरांच्या लग्नातही नाही. एका शब्दाने इतकं केलं. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते, बोलताना खुशाल किडूकमिडूक म्हणा, कागदावर मात्र नग आणि वजनच लिहा. वाटणीपत्रात, मृत्युपत्रात, गहाणाच्या पावतीत, आणि देव न करो पण चोरी झाली तर पोलिसातल्या फिर्यादीत, कुठेच हा शब्द टाकू नका.

तर आता डबी.

वेळ कुठली निवडायची? माझं मत, आखाजी. अक्षय तृतीयेला लेकी माहेरी येतात, सगळ्या बहिणी एकत्र असतात, दुपारी झोके-गाणी झाली की निवांत वेळ असतो, त्या दिवशी आईच्या समोर, आईच्या हाताने डबी उघडायची. आईच्या माघारी कधीच नाही. लेकी आणि सुना दोघी असू द्या. ज्या घरात सुनेला बाहेर बसवून यादी होते तिथे यादीचा उपयोग होत नाही, उलट ती यादीच भांडणाचं कारण होते.

दिवसाउजेडी बसा. जमिनीवर पांढरी चादर अंथरा, पंखा बंद, लहान मुलं बाहेर. चमकीची फिरकी जाजमात पडली तर ती सापडत नाही, हा अनुभव प्रत्येक घरात एकदा तरी आलेला असतो. स्टीलचं ताट घ्या, कडा असलेलं. डबी उलटी करायच्या आधी आतला कागद, कापूस, चिंधी सगळं नीट उलगडून बघा, जुन्या बायका मणी कापसात गुंडाळून ठेवायच्या आणि तो कापूस कचरा म्हणून फेकला जातो. आणि आईला विचारा की अजून कुठे ठेवलंय का, कारण आमच्याकडे धान्याच्या कोठीत, शिलाई मशीनच्या खणात, जुन्या लुगड्याच्या गाठीत निघालेलं मी डोळ्याने पाहिलंय.

मग तीन ढीग. सोनं, चांदी, आणि तिसरा बेन्टेक्स किंवा सोन्याचं पाणी दिलेलं. तिसऱ्या ढिगाबद्दल आईला लाजवू नका, प्रत्येकीकडे असतो, कित्येकदा खरा डाग गहाण गेला तेव्हा गावात कळू नये म्हणून त्याच घाटाचा खोटा करून घातलेला असतो. ज्याची खात्री नाही ते वेगळं बाजूला ठेवा, अंदाजाने कुठल्या ढिगात ढकलू नका.

वजनाला छोटा डिजिटल काटा लागतो, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा, भाजीचा काटा नाही. काटा बरोबर आहे का हे बघायला एक सोपी युक्ती, २०१२ ते २०१८ या सालांचं साधं १ रुपयाचं नाणं घ्या, ते ३.७९ ग्रॅमचं असतं. फार घासलेलं नको. काट्यावर तेवढं दिसलं की पुढे चला. प्रत्येक डाग वेगळा तोला, जोड असेल तर जोडीचं एक वजन, फिरक्यांसकट. एक फिरकी हरवलेली असेल तर तसं लिहा. फोटो काढताना डागाच्या शेजारी तेच नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो, पुढून एक, मागून एक.

वजन ग्रॅममधेच लिहा. आई तोळ्यात सांगेल, आजी असेल तर गुंजेत सांगेल, ते ऐका, शेजारी लिहूनही ठेवा, पण हिशेब ग्रॅमचाच. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, त्याचे १२ मासे, माशाच्या ८ गुंजा, म्हणजे तोळ्याच्या ९६ गुंजा आणि एक गुंज साधारण ०.१२ ग्रॅम. आता सराफात तोळा म्हणजे सरळ १० ग्रॅम. आईच्या लग्नात पाऊण तोळ्याची बोरमाळ घातली असं कोणी सांगत असेल आणि तो जुना तोळा असेल तर पावणेनऊ ग्रॅम होतात, नवा धरला तर साडेसात, मग सव्वा ग्रॅम कोणी खाल्लं म्हणून संशय सुरू. कोणी खाल्लेलं नसतं. (डबीत लाल-काळ्या गुंजेच्या बिया निघाल्या तर त्या मुलांच्या हाती देऊ नका, विषारी असतात.)

मग शिक्का बघायचा. भिंगातून, किंवा मोबाईलच्या कॅमेऱ्यात झूम करून. नव्या डागावर हॉलमार्कच्या, म्हणजे शुद्धतेच्या अधिकृत शिक्क्याच्या, तीन खुणा असतात, बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) त्रिकोणी चिन्ह, शुद्धता, आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या डागाचा ओळख क्रमांक. शुद्धता २२के९१६ म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं, १८के७५० म्हणजे ७५०, १४के५८५ म्हणजे ५८५. एचयूआयडी बीआयएस केअर नावाच्या अ‍ॅपमधे टाकला की डाग कोणत्या प्रकारचा, किती शुद्ध, कुठल्या केंद्रात तपासला हे दिसतं, अ‍ॅप फुकट आहे. १ एप्रिल २०२३ पासून दुकानदाराला एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. पण किडुकमिडुकाच्या बाबतीत खरी गोम पुढे आहे, २ ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या डागाला हॉलमार्कची सक्तीच नाही. म्हणजे चमकी, फुली, बाळाच्या बारीक रिंगा, सुटे मणी हे सगळं त्या सवलतीत बसतं, म्हणजे नेमकं आपलं किडूकमिडूकच! त्यामुळे शिक्का नाही म्हणून खोटं असं धरू नका, आणि नवीन घेताना दोन ग्रॅमच्या आतलं असेल तर पक्क्या बिलाशिवाय घेऊ नका, बिलावर कॅरेट आणि वजन लिहून घ्या, तिथे कागद हाच शिक्का. जळगावच्या सराफ बाजाराचं सोन्याच्या शुद्धतेसाठी दूरवर नाव आहे, बाहेरगावचे लोक लग्नाचं सोनं घ्यायला इथे येतात, तरी बिल घ्याच, चांगला सराफ मागायच्या आधी देतो.

आपल्याकडे सोन्याचं हॉलमार्किंग सुरूच झालं २००० साली, त्यामुळे आई-आजीच्या डागांवर काही सापडणार नाही, फार तर घडवणाऱ्या सोनाराची एखादी खूण. असे जुने डाग मोडता येतात, त्याला बंदी नाही, कोणी सांगितलं की हॉलमार्क नाही म्हणून घेत नाही किंवा अर्ध्या भावात घेतो तर तिथून उठा.

वजन कळलं म्हणजे सोनं कळलं असं नाही. कुड्यांमधे मोती असतो, टॉप्समधे खडे, पोकळ डागात लाख भरलेली असते, जुन्या डागात सांध्यासांध्याला डाक असतो म्हणजे जोडाला वापरलेला कमी कसाचा धातू. समजा कानातल्याची जोडी तोलली तर ३.२० ग्रॅम भरली, त्यातले खडे आणि लाख मिळून ०.६० गेले, राहिलं २.६० ग्रॅम. ते खरोखर २२ कॅरेटचं असेल तर शुद्ध सोनं २.३८ ग्रॅम, पण डाकामुळे टंच ८५ लागला तर २.२१ ग्रॅमच. टंच म्हणजे शंभरात किती सोनं. हे गणित घरी एकदा करून बघा म्हणजे सराफाकडे बसल्यावर तो काय वजा करतोय ते कळतं आणि उगाच संशयही येत नाही.

टंच काढायच्या तीन रीती आहेत. कसोटीच्या काळ्या दगडावर घासून अनुभवी माणूस अंदाज सांगतो. मशीनवर ठेवून एक्सआरएफने, म्हणजे क्ष-किरणांच्या तपासणीने, कळतं, डाग खराब होत नाही, पण मशीन वरचा थरच वाचतं, त्यामुळे जाड पाणी दिलेला डाग त्याला फसवू शकतो. तिसरी रीत गाळून, ती सगळ्यात खरी, पण मग डाग गेला. यादीसाठी मशीन पुरे. हॉलमार्किंग केंद्रात साध्या ग्राहकालाही पैसे भरून स्वतःचा डाग तपासून घेता येतो, हे खूप जणांना माहीत नाही.

मोडायचं असेल तर दोन गोष्टी मनापासून सांगते. एक, सगळं एकत्र गाळू देऊ नका. २ ग्रॅम ९१६ चं आणि २ ग्रॅम ७५० चं एकत्र गाळलं तर ४ ग्रॅम ८३३ चं होतं, सोनं तेवढंच राहतं पण तुमचा चांगला डाग कोणता होता हे सिद्ध करायला काही उरत नाही. सारख्या टंचाचं सारख्यात ठेवा. डोळ्यासमोर तोलून, खडे-मोती काढून परत घेऊन, वजन-टंच-त्या दिवसाचा भाव-वजावट हे चार आकडे कागदावर घेऊन मगच हो म्हणा. दुसरं, घडणावळ परत मिळत नाही. लहान डागात काम जास्त आणि सोनं कमी, म्हणजे वजनाच्या मानाने घडणावळ मोठी गेलेली असते, म्हणून किडूकमिडूक मोडून मोठा डाग करायचा ही हौस महागात पडते, एकदा जुनी घडणावळ बुडते आणि वर नवी द्यावी लागते. जोड पूर्ण असेल, घालण्याजोगी असेल तर राहू द्या. एकटी रिंग, मोडकी आकडी, तुटलेल्या साखळीचे तुकडे एवढंच मोडीत काढा.

गहाण टाकायची वेळ आली तर बँक किंवा पतपेढी बरी. सावकाराकडेच जावं लागलं तर आधी परवाना बघा, महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याने परवाना लागतोच. पावतीवर "सोन्याचे डाग नग ५, एकूण वजन अमुक" एवढ्यावर समाधान मानू नका, प्रत्येक नगाचं नाव आणि वजन वेगळं लिहायला लावा, कंटाळा केला तर आपले फोटो दाखवून लिहून घ्या. सोडवायला जाल तेव्हा लहान डागच इकडचे तिकडे झालेले असतात, पाटल्या कोणी विसरत नाही.

साफसफाईचं लवकर सांगते. सोन्याला कोमट पाणी, रिठ्याचा फेस, मऊ जुना टूथब्रश. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे, तिलाही रिठा चालतो, मग सुती कापडाने कोरडी करून पुडीत हवाबंद ठेवा, रबर बँड लावू नका, त्याने अजून काळी पडते. मोती असलेल्या कुड्या-नथ कधीच भिजवू नका, लिंबू, साबण, खायचा सोडा काहीच नको, ओल्या फडक्याने पुसा आणि वेगळ्या मऊ कापडात ठेवा, बाकीच्या डागांबरोबर घासले की मोत्याची चमक जाते.

आणि दारावर येणारे. दुपारी, घरात पुरुष नसताना, आधी पितळेची समई फुकट चमकवून देतात, मग म्हणतात ताई चांदीचं आणा, मग सोन्याचं आणा. त्यांच्या पाण्यात तेजाब असतं, अम्लराज म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं मिश्रण सोनं विरघळवतं, डाग दिसतो तसाच पण हलका होऊन परत येतो, किंवा हळदीच्या पाण्यात डबा बंद करून देतात आणि अर्ध्या तासाने उघडा म्हणतात, उघडल्यावर आत काही नसतं. आमच्या गल्लीत एका काकूंच्या बांगड्या अशाच गेल्या. वजन लिहून ठेवलेलं नव्हतं म्हणून फिर्यादीत आकडाही सांगता आला नाही त्यांना. दारावर सोनं उजळायला द्यायचंच नाही, कितीही गोड बोलले तरी.

ज्यांच्याकडे कानबाई, म्हणजे आमच्या खानदेशातली देवी, बसते त्यांनी एक वेगळं पान ठेवा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईचं नारळ सजवतो तेव्हा घरातलंच किडूकमिडूक तिला चढतं, नथ, डूल वगैरे, भाऊबंदकीतल्या तीन घरांचं एकत्र. रोटाच्या, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या, गडबडीत कोणाचं काय हे सोमवारपर्यंत आठवत नाही. आम्ही आता चढवतानाच फोटो काढतो आणि विसर्जनाला निघायच्या आधी त्या फोटोवरून एकेक उतरवून ज्याचं त्याला देतो. देवीचेच म्हणून जे डाग वेगळे काढलेत ते कोणाच्याही वाट्यात धरायचे नाहीत, यादीत "कानबाईचे" असंच लिहायचं.

यादी वहीतच करा, मोबाईलमधली मोबाईलबरोबर जाते. एका डागाला एक ओळ आणि त्या ओळीत इतकं: नाव, नग, वजन, शिक्का किंवा टंच, खडे-मोती असतील तर किती, कुठून आला, कोणाला द्यायचा. उदाहरण देते, "कुड्या, जोड १, सात मोत्यांच्या, २.८५ ग्रॅम मोत्यांसकट, शिक्का नाही, माहेरहून पहिल्या बाळंतपणात, मोठ्या नातीला." शेवटचा रकाना आईने स्वतःच्या अक्षरात भरायचा, लिहिता येत नसेल तर तिने सांगायचं आणि खाली अंगठा, दोन जणांच्या सह्या. तारीख घाला. वही एकीकडे, झेरॉक्स दुसरीकडे, डबीत एकही प्रत ठेवायची नाही. अर्थात ही वही म्हणजे मृत्युपत्र नाही, मोठा ऐवज असेल तर मृत्युपत्रात हीच यादी नीट घालून घ्या. लॉकर असेल तर तिथे ठेवा पण बाळाचे वाळे, मोडकी रिंग असलं किरकोळ म्हणून घरी राहतं आणि हरवतंही तेच, म्हणून तेही यादीत पाहिजे.

कुठून आला हा रकाना मात्र गाळू नका. वजन काट्यावर परत कधीही घेता येतं. भाचीला मी हेच सांगितलं, तू ये आणि आजीसमोर बस. ती गेल्या आठवड्यात येऊन गेली, दुपारभर बसल्या दोघी. एकूण सतरा डाग निघाले, त्यात एक बुगडी होती, एकटीच, भांडणानंतर धाकट्या आत्याने आईकडे ठेवायला दिलेली. माझ्या आईने, म्हणजे भाचीच्या आजीने, ती हातात धरून बराच वेळ बघितली आणि म्हणाली, ही माझ्या सासूची, हिची जोडी तिने विहिरीच्या वेळी मोडली होती, मला बरोबर घेऊन गेली होती दुकानात, कोणाला सांगू नको म्हणाली होती. भाचीने ते तसंच लिहिलं, ओळ चौदावी, आणि मला फोटो पाठवला. मी तो दोन्ही आत्यांना पाठवला.